भावाच्या नावाची काठी

लोक म्हणतात, ओनेसिमो भोळा आहे. डोंबलाचा भोळा! मी त्याची धर्ममाय आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यानं त्याच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तो माझ्याच हातांत होता, त्यामुळे मला विचारा. भोळा माणूस फसतो. हा फसला नाही. हा उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात उतरला आणि वर उभ्या असलेल्या भावाला म्हणाला, तू हो पुढे, मी आहे इथं. चाळिशी उलटली तरी तो तिथंच आहे, आणि मला त्याचा राग येतो. माया आहे म्हणून येतो. परक्यावर कोण कशाला रागावेल?

माझी गिरणी आहे, चुन्यात शिजवलेला मका दळायची. आमच्या यालूवी गावातल्या सगळ्या बाया पहाटे बादल्या घेऊन माझ्या दारात उभ्या असतात, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते चुलीच्या आधी मला कळतं. ओनेसिमोची आई तोमासा माझी शेजारीण. तिचा नवरा कॉफीच्या मळ्यात दरड कोसळून गेला तेव्हा पोरं लहान होती. थोरला हेनारो, आणि त्याच्या पाठोपाठ वर्षभरात झालेला ओनेसिमो.

हेनारो पुस्तकातला किडा. जेवताना मक्याच्या टोर्टियाचा घास तोंडात आणि डोळे पानावर. तोमासा ओरडायची, "अरे, एक दिवस वहीच चावशील!" ओनेसिमो मात्र ट्रम्पेटचा. तसं आमच्या डोंगरात पोरांना अक्षरांच्या आधी सूर वाचता येतात, गावोगावी बँड आहेत, त्यात काही नवल नाही. पण ह्याचं वाजवणं निराळं होतं. जत्रेच्या दिवशी सकाळी चर्चच्या ओट्यावर तो ट्रम्पेट ओठाला लावायचा, आणि मी गिरणी बंद करून टाकायची. बाया कावायच्या, "फेमीमावशी, पीठ द्या की!" मी म्हणायची, "थांबा गं, भूक काय पळून जातेय?" मग त्याही बादल्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. मोठं झाल्यावर हा पोरगा काय होणार ह्याबद्दल आमच्यात कुणाला शंका नव्हती.

दोघांचं नशीब एकाच वर्षी उघडलं, तिथंच घोळ झाला. हेनारोला राजधानीत डॉक्टरकीला जागा मिळाली. ओनेसिमोला बँडमास्तर स्वतः राजधानीतल्या संगीत विद्यालयात घेऊन गेले होते, तिथल्या लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, पाठवा ह्याला. तोमासा आधी आनंदानं रडली आणि मग काठी आठवून रडली.

काठीचं सांगते. आमच्यात मुलगा अठराचा झाला की त्यानं गावाची काठी धरायची. पहिलं वर्ष तोपिल म्हणून. तोपिल म्हणजे गावचा बिनपगारी शिपाई. निरोप पोचवा, चौक झाडा, दारुड्यांना उचलून कोठडीत टाका. मग थोडी विश्रांती, मग वरची सेवा, पाण्याची, शाळेची, चर्चची, अशा पायऱ्या चढत जायचं. सगळ्या चढलात की गावसभेत म्हाताऱ्यांच्या बाकावर मानाची जागा. ज्या घरातून कुणी काठी धरत नाही त्या घराचं पाणी तुटतं, जमीन गावाकडे जाते, आणि मेल्यावर मातीसुद्धा गावात मिळत नाही. कडक आहे, मान्य. पण रस्ता, टाकी, शाळा सगळं ह्या काठीनंच उभं केलंय. सरकारची वाट बघत बसलो असतो तर अजून झऱ्यावर घागरी भरत असतो.

एक सवलत आहे. कुणी शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेला, तर घरातला दुसरा त्याच्या नावानं काठी धरू शकतो. सेवा ज्याच्या नावानं, त्याच्या खात्यावर. धरणाऱ्याची स्वतःची सेवा तोवर थांबते, कारण एका माणसाला दोन काठ्या धरता येत नाहीत. मात्र लग्न झालं की ती थांबत नाही. लग्न झालेल्यानं स्वतःच्या नावानं काठी धरायलाच हवी.

तर त्या संध्याकाळी तोमासाच्या चुलीपाशी ठरलं. मी तिथंच होते, मका निवडत.

"तू आधी जा," ओनेसिमो भावाला म्हणाला. "डॉक्टरकीला वय बघतात. ट्रम्पेटला कसलं वय? तोंड शाबूत असलं की झालं."

"मी शिकून आलो की तुझी काठी मी धरणार," हेनारो म्हणाला. "मग तू जायचंस. आईची शपथ!"

"मला नको मधे ओढू," तोमासानं कालथा उगारला.

"बरं, फेमीमावशीची शपथ."

"माझ्याच जिवावर उठलात का रे, मुडद्यांनो!" मी म्हणाले, आणि सगळे हसले. तोमासासुद्धा. इतकं साधं होतं ते. दोन भाऊ, एकानं आधी जायचं, दुसऱ्यानं मग. ह्यात कुणाला काय वाईट दिसणार?

हेनारो गेला. ओनेसिमोनं त्याच्या नावानं तोपिलची काठी धरली. दिवसा चौक झाडायचा, आणि वेळ मिळेल तेव्हा ट्रम्पेट. पोरी त्याच्याकडे बघायच्या, त्यात एर्मिला नावाची एक जरा जास्तच बघायची. तिची बादली भरली तरी ती गिरणीतून हलायची नाही, कारण माझ्या दारातून चौक दिसतो.

मग जत्रा आली. शेजारच्या गावचा एक धटिंगण मेस्कालची दारू ढोसून नाचाच्या मंडपात घुसला आणि बायकांच्या अंगावर जायला लागला. तोपिलचं काम ते, ओनेसिमो पुढे झाला. त्या हरामखोरानं हातातली बाटली सरळ त्याच्या तोंडावर हाणली. आमच्या पोरानं काय करावं? आधी त्याला कोठडीत नेऊन कडी घातली, आणि मग रक्तानं माखलेलं तोंड घेऊन माझ्याकडे आला. आईनं बघू नये म्हणून. मी मिठाच्या पाण्यानं धुतलं. वरचे, समोरचे दोन दात गेले होते. ते त्यानं मुठीत धरून आणले होते, जणू मी ते परत बसवून देणार होते.

"हेनारोला सांगू नकोस," बोलायला लागल्यावर तो पहिलं हेच म्हणाला. "त्याची परीक्षा आहे."

"परीक्षा गेली खड्ड्यात! तुझं तोंड बघ आधी."

"धर्ममाय, त्याला कळलं तर तो पुस्तकं टाकून येईल. तो तसाच आहे. मग माझंही गेलं आणि त्याचंही. निदान एक तरी राहू दे."

मला आणि तोमासाला त्यानं तोंड उघडू दिलं नाही. तोमासा म्हणाली, "माझ्या दोन्ही पोरांना देवानं डोकं दिलं, पण एकाला शहाणपण द्यायला विसरला."

ट्रम्पेटला समोरचे दात लागतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ओठ त्यांच्यावर टेकवावा लागतो. जखम भरल्यावर तो माझ्या गिरणीच्या मागं जाऊन वाजवून बघायचा. नुसती हवा निसटायची. फुस्स, फुस्स. मी तेव्हा गिरणी चालू ठेवायची, दळायला काही नसलं तरी, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. शहरात जाऊन खोटे दात बसवून आणले, तरी सूर काही परत आला नाही. शेवटी एक दिवस ट्रम्पेट तोमासाच्या जुन्या शालीत गुंडाळून पेटीत गेला, आणि बँडमास्तरांनी त्याला मोठा ढोल दिला. ढोलाला दात लागत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी थांबायचं. विद्यालयाचं स्वप्न गेलंच होतं, मग भावाला बोलावून घ्यायचं, आपली काठी धरायची, लग्न करायचं. मीही तेच म्हणाले, शंभरदा. पण पालथ्या घड्यावर पाणी! "त्याचं पूर्ण होऊ दे, मग बघू," एवढंच.

हेनारो डॉक्टर झाला. मग म्हणाला, अजून थोडं शिकलो तर हृदयाचा डॉक्टर होईन. मग मोठ्या दवाखान्यात नोकरी, मग लग्न, मग मुलगी. दर रविवारी फोन यायचा. आधी गावात एकच फोन होता, तिथं ओनेसिमो रांगेत उभा राहायचा. हेनारो विचारायचा, "पुढच्या वर्षी येऊ का रे? तुझी पाळी राहिलीय." आणि हा म्हणायचा, "घाई नाही." त्या 'घाई नाही'नंच घात केला. आणि ओनेसिमो नुसता बसून होता असंही नाही. पाण्याच्या समितीवर गेला, शाळेच्या समितीवर गेला, चर्चच्या सेवेत मेणबत्त्या ओतल्या, घंटा वाजवल्या. सगळं हेनारोच्या नावानं.

हेनारोला मी वाईट म्हणणार नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत त्याच्याकडून. जत्रेला दोन-तीनदा आला, तेव्हा ओनेसिमो खोटे दात घालून ढोल बडवत होता. "ट्रम्पेट का सोडलास?" असं त्यानं विचारलं. "ढोलात मजा येते," ह्यानं सांगितलं. त्यानं मान डोलवली. सोयीचं असलं की माणसाचा पटकन विश्वास बसतो.

आणि एर्मिला. तिच्याशी लग्न केलं असतं तर ओनेसिमोला स्वतःची काठी धरावी लागली असती आणि हेनारोची मधेच सुटली असती. म्हणून 'एक वर्ष थांब', मग 'अजून एक'. ती थांबली, बिचारी पुष्कळ थांबली. एके दिवशी पहाटे तिच्याऐवजी तिची आई बादली घेऊन आली. मी विचारलं, पोरगी आजारी आहे का? म्हणाली, नाही, काल भावाकडे लॉस एंजेलिसला गेली. त्या वेळी ओनेसिमो वरच्या टाकीपाशी चिखलात उभा राहून पाइप जोडत होता. त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "हो का?" आणि पाना हातात घेऊन पुन्हा खाली वाकला.

गेल्या पावसाळ्यात तोमासा गेली. हेनारो आला, डोक्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे. नऊ दिवसांच्या प्रार्थना चालू होत्या आणि त्यातच वर्षाच्या नेमणुकांची गावसभा आली. नवरा वारल्यापासून घरची मालकीण म्हणून मीही सभेत बसते. सेक्रेटरीनं नावं पुकारली. हेनारोच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण, त्याला म्हाताऱ्यांच्या बाकावर जागा. टाळ्या झाल्या. बिचाऱ्याला कळेना हसावं की काय करावं, चकचकीत बूट आत ओढून तो बाकाच्या टोकाला बसला.

मग पुकारा झाला, "ओनेसिमो. आजवरची सेवा, काही नाही. आई वारल्यानं घर आता त्याच्या नावावर. नेमणूक, तोपिल."

मागं बसलेली अठरा वर्षांची पोरं खिदळली. मी वळून बघितलं तशी गप्प बसली.

हेनारो ताडकन उठला. "काही नाही म्हणजे काय? माझं म्हणून जे मोजलं ते सगळं ह्यानं केलंय! त्याला द्या. मला नको ही जागा."

तिबुर्सियोबाबा, आमच्यातले सगळ्यांत म्हातारे, सावकाश म्हणाले, "खाली बस, पोरा. आम्ही काय आंधळे आहोत? कुणी केलं ते गावाला माहीत आहे. पण आज तू तुझी वर्षं भावाला दिलीस, तर उद्या शहरातला कुणी पैसेवाला येईल आणि गरिबाची वर्षं विकत घेईल. एकाच्या ताटात वाढलं, ते दुसऱ्याच्या पोटात मोजता येत नाही."

"मग मी ह्याच्या नावानं काठी धरतो," हेनारो म्हणाला. "आत्ता. ह्या वर्षी. तसं ठरलं होतं आमचं."

हृदयाचा डॉक्टर चौक झाडणार! तिबुर्सियोबाबा म्हणाले, "ते चालेल. ओनेसिमो हो म्हणाला तर." ओनेसिमो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "घरी बोलतो आम्ही."

घरी कॉफी मी केली. हेनारो भरभरून बोलत होता, पोर असताना बोलायचा तसा. "मी दवाखान्यात सांगितलंय, वर्षाची रजा काढतो. बायको तयार आहे. विद्यालयात मोठ्या माणसांनाही घेतात, मी केव्हाच चौकशी करून ठेवलीय. माझ्या घरी राहायचं, खोली रिकामी आहे. तू हो म्हण फक्त. तो ट्रम्पेट आहे ना अजून?"

माझ्यानं राहवलं नाही. "बैल गेला आणि झोपा केला," मी पुटपुटले.

"गप गं, धर्ममाय," ओनेसिमो म्हणाला. मग त्यानं तोंडात बोटं घातली, खोटे दात काढले आणि कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवले.

हेनारो आधी त्या दातांकडे बघत राहिला, मग भावाच्या तोंडाकडे. डॉक्टरच तो. त्यानं उठून त्याची हनुवटी धरली, ओठ वर करून हिरडी बघितली, आणि हे कालपरवाचं नाही हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. जत्रेत."

"पहिल्या वर्षी! आणि सांगितलं का नाहीस?"

"तू परत आला असतास."

"आलोच असतो!"

"म्हणूनच."

हेनारो खाली बसला. कपाळ टेबलावर टेकवून तो रडायला लागला, आईला पुरताना रडला नव्हता तेवढा. "मी दर वेळी विचारत होतो रे," तो म्हणत होता. "दर वेळी विचारत होतो. तू म्हणायचास घाई नाही, आणि मला बरं वाटायचं. देवा, मला बरं वाटायचं!"

मग डोळे पुसून तो म्हणाला, "निदान काठी तरी धरू दे मला. तू बस आरामात."

"नाही," ओनेसिमो म्हणाला. दात नव्हते म्हणून शब्दाशब्दाला फुस्स होत होतं, तरी स्पष्ट ऐकू आलं. "एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा सभेत माझं नाव पुकारलं. ते तरी माझं मला राहू दे."

हेनारो राजधानीला गेल्यावर एकदा ओनेसिमो माझ्या गिरणीच्या पायरीवर येऊन बसला. मी त्याला बीन्स वाढले. खाता खाता म्हणाला, "चुकलंच माझं, धर्ममाय. त्याला सांगायला हवं होतं. आला असता, वर्षभर चिडला असता, पुन्हा गेला असता. डॉक्टर तो झालाच असता, डोकं कुठं जात होतं त्याचं? मला वाटलं, माझं गेलंय ते त्याच्यासाठी गेलं असं म्हटलं की कमी दुखेल."

"मग? दुखलं का कमी?"

"नाही," तो म्हणाला. मी अजून एक टोर्टिया त्याच्या ताटात टाकला, दुसरं काय करणार?

एक जानेवारीला काठ्या दिल्या जातात. सकाळी बँड वाजत होता, त्या दिवशी ढोलावर दुसरं कुणी होतं. चर्चसमोर नवे तोपिल रांगेत उभे राहिले, सगळी मिसरूड फुटायची पोरं, आणि त्यांच्यात कानशिलं पांढरी झालेला आमचा ओनेसिमो, नवीन टोपी घालून. समोर म्हाताऱ्यांचा बाक. हेनारो मुद्दाम आला होता, आणि बाकावर जागा असलेला माणूस गावात असून बसला नाही तर गावाचा अपमान, म्हणून त्याला बसवलं होतं. आमची रीत अशी की काठी घेतलेल्या नव्या तोपिलनं बाकावरच्या प्रत्येकासमोर टोपी काढून वाकायचं, आणि बसलेल्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, 'सेवा लाभो.' तोवर पुढं सरकायचं नाही.

ओनेसिमो तिबुर्सियोबाबांसमोर वाकला. पुढच्यासमोर वाकला. असं करत करत बाकाच्या टोकाला आला. टोपी काढली आणि भावासमोर वाकला.

हेनारोनं हात उचलला, त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलत होते, नुसती हवा निसटत होती. बँड वाजायचा थांबला. बाया माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी काही करणार होते. वाकलेल्या ओनेसिमोची पाठ आता दुखत असणार, काल दिवसभर त्यानं मळ्यात कॉफी तोडली होती.

"बोल की रे," तो खालूनच हळू म्हणाला. "मागं पोरं खोळंबलीत."